कासवांच्या पिल्लांसाठी ओल हवी, हात हवेत

सस्नेह नमस्कार.

अवैध विक्रीतून सुटून आलेल्या जमिनीवरच्या कासवांपैकी काही माद्यांनी आमच्या संगोपन केंद्रात अंडी घातली होती. ती आता फुटू लागली आहेत. पिल्लं चपळ आहेत, पाला-गवत-फुलं पोटभर मिळताहेत. कमी पडतंय ते ओल धरून ठेवणारं सामान आणि सकाळी तासभर देऊ शकणारी माणसं. त्यासाठी हे आवाहन.

कासव म्हणजे कोरड्या रानातला जीव, त्याला पाणी कशाला, असं बरेच जण विचारतात. मोठं कासव मूत्राशयात पाणी साठवून कोरडे दिवस काढू शकतं. पिल्लाचं तसं नाही. मूठभरही नसलेला तो जीव बघता बघता सुकतो. रानात ही पिल्लं उघड्यावर फारशी दिसतच नाहीत. पालापाचोळ्याखाली, गवताच्या मुळांशी, बिळात दडून राहतात, आणि वरची जमीन तापली तरी तिथला दमटपणा टिकतो. पेटीत मात्र उबेचा दिवा सगळी ओल शोषून घेतो. तिथे तो आडोसा आपणच करून द्यायचा असतो.

ओल कमी पडली की लघवीतला पांढरा अंश घट्ट, रेतीसारखा होतो आणि पुढे मूतखडा होऊ शकतो. डोळे खोल जातात. ढालीवर खवल्याखवल्याचे उंचवटे येतात ते वेगळेच, आणि एकदा आलेले उंचवटे पुन्हा सपाट होत नाहीत. याचा दोष पूर्वी प्रथिनांच्या खुराकाला दिला जाई. आफ्रिकेतल्या सुल्काटा जातीच्या ५० पिल्लांवर झालेला आणि २००३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मात्र वेगळं सांगतो: खुराकापेक्षा हवेतल्या दमटपणाचा परिणाम कितीतरी मोठा होता. म्हणूनच आम्ही पिल्लांच्या पेटीत ८० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता राखण्यासाठी धडपडतो.

नुसतं वरून पाणी शिंपडून हे साधत नाही. वरचा थर भिजतो, तळ कोरडाच राहतो, आणि पोटाखाली सतत ओलं राहिल्यानं ढाल कुजू लागते. पाणी कोपऱ्यातून तळाशी सोडायचं. अंथरूण वापसा आलेल्या मातीसारखं हवं: मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, पाणी मात्र ठिबकू नये. आणि ओलीला ऊब हवीच. गार, ओल्या पेटीत पिल्लांच्या छातीला त्रास होतो, म्हणून रात्रीही तापमान उतरू देता येत नाही.

आम्हाला हवं आहे ते असं. सगळ्यात आधी कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, पण खत न मिसळलेलं आणि क्षार धुऊन काढलेलं. मग स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ), झाकणाच्या खोल प्लास्टिकच्या पेट्या, आर्द्रता आणि तापमान दाखवणारे मापक, ग्रॅममध्ये मोजणारा वजनकाटा, पसरट मातीच्या ताटल्या. देवदाराचा किंवा चिडाचा भुसा कृपया आणू नका, त्याच्या उग्र वासाचा पिल्लांच्या श्वसनाला त्रास होतो. वाळूही नको, ती पोटात जाऊन अडकते.

सामानाइतकीच माणसांची निकड आहे. रोज सकाळी प्रत्येक पिल्लाला कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवावं लागतं. पाणी हनुवटीखालीच राहील इतकं उथळ. पिल्लं मान खाली घालून पाणी पितात, तिथेच घाणही करतात, म्हणून पाणी बदलायचं, अंग टिपायचं, वजन लिहायचं. काम सोपं आहे, पण घाईचं नाही, आणि पाण्यातल्या पिल्लांवरून नजर हटवून चालत नाही. शिकवण्याची जबाबदारी आमची. आठवड्यातून एक सकाळ दिलीत तरी मोठा आधार होईल, फक्त ती सकाळ ठरलेली असावी.

एक कळकळीची विनंती. रानात कासवाचं पिल्लू दिसलं तर उचलून आमच्याकडे आणू नका. ते धडधाकट असेल तर त्याची जागा तीच आहे. जखमी असेल तर वनविभागाला कळवा.

मदतीला येणाऱ्यांनी केंद्राच्या नोंदवहीत नाव आणि सोयीचा वार लिहावा. सामान सकाळच्या पाळीत आणून द्यावं. कासवांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात, त्यामुळे लहान मुलांना सोबत आणलंत तर पिल्लांना हात लावल्यावर साबणानं हात धुण्याची जबाबदारी मोठ्यांनी घ्यावी.