आमच्या पोरींचं गाणं का काढलं?

माननीय संपादक,

गेल्या महिन्यात माझ्या लेकीच्या कॉलेजात गॅदरिंग होतं. चौघी मुलींनी बसवलेलं रॉक गाणं आदल्या दिवशी कार्यक्रमातून काढलं. ‘मुलींना असला धिंगाणा शोभत नाही,’ एवढंच सांगितलं. मुलांचा डीजेवरचा नाच मात्र राहिला.

आम्ही विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत राहतो. घराला घर लागून. शेजारच्या आजींची झोपमोड नको म्हणून लेक ड्रमवर आपला सोलापुरी टॉवेल चौपदरी घडी करून ठेवते आणि मग वाजवते. महिनाभरात त्या टॉवेलचं सूत मधोमध पार दबून गेलंय.

त्या रात्री रडून झाल्यावर तिनं मला मोबाईलवर जुना जपानी चित्रपट दाखवला. निक्कात्सु कंपनीनं 1970-71 मध्ये ‘स्ट्रे कॅट रॉक’ नावानं पाच चित्रपट काढले, त्यातला पहिला. आकिको वादा ही तिकडची खरीखुरी गायिका त्यात मोटारसायकलवरून येते आणि मुलींच्या टोळीच्या बाजूनं उभी राहते. क्लबात बँड वाजतात, ती स्वतः गाते. पुढे आम्ही आणखी एक पाहिला. त्यात पुरुषांची एक टोळी मिश्र वंशाच्या लोकांना गावातून हुसकायला निघते, आणि त्याच चित्रपटात गोल्डन हाफ हा मिश्र वंशाच्या मुलींचा गट गातो! तिथं मी लेकीला थांबवून ते गाणं पुन्हा लावायला सांगितलं.

सगळंच चांगलं आहे असं मी म्हणणार नाही. काही प्रसंग मला बघवले नाहीत. दिग्दर्शक पुरुषच. 1971 संपता संपता निक्कात्सु कामुक चित्रपटांकडे वळली, आणि तोएई कंपनीच्या ‘सुकेबान’, म्हणजे टोळीच्या म्होरक्या मुलींच्या चित्रपटांत तर अंगप्रदर्शन फारच. पण ‘स्ट्रे कॅट रॉक’च्या पाचही चित्रपटांत असलेली नटी मेइको काजी निक्कात्सु सोडून गेली, 1972 पासून तुरुंगातल्या बाईच्या चित्रपटांत नायिका झाली आणि त्यांचं गाणंही तिनंच गायलं. 2003 साली अमेरिकेच्या ‘किल बिल’ चित्रपटात तिचा आवाज वाजला.

हे बघताना मला माझी आई आठवली. ती विड्या वळायची. सकाळी आठ-दहा जणी मिळून माल द्यायला कारखान्यात निघायच्या. डोक्यावर टोपली, तोंडात तेलुगू गाणी, आवाज असा की गल्ली जागी व्हायची. वाटेत कुणी वाकडं बोललं की सगळ्या जागीच थांबून त्याच्याकडे वळायच्या. मी आईचा पदर धरून हे पाहिलंय.

शहरातल्या चित्रपट मंडळांनी यातले निवडक चित्रपट मोठ्यांसाठी दाखवावेत, नंतर चर्चाही ठेवावी. आणि कॉलेजांनी पुढच्या गॅदरिंगला मुलींच्या बँडला पंधरा मिनिटं द्यावीत. ड्रम आम्ही आमच्या खर्चानं रिक्षातून आणू. टॉवेल त्या दिवशी घरीच ठेवू.

— एक आई, विडी घरकुल, सोलापूर