वाइड राइट

बफेलो, न्यूयॉर्क
12 फेब्रुवारी 2025

प्रिय दिग्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा दारातला बर्फ काढत होतो, म्हणून धड बोलता आलं नाही. "तुमची ती मोठी फायनल झाली म्हणं, कोण जिंकलं?" असं तू विचारलंस आणि मी "आम्ही नाही" एवढंच म्हणालो. तू हसलास. त्या 'आम्ही'ला हसलास, कळलं मला. पण मर्दा, इथं आठ हिवाळे काढल्यावर दुसरं काय म्हणू? सगळं लिहूनच कळवतो. फोनवर सांगायला लागलो तर तू मधेच शाहू स्टेडियमवर मॅचला पळशील.

तर फायनल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची सुपर बोल, रविवारी 9 तारखेला न्यू ऑर्लिन्सला झाली. तुमच्याकडं सोमवारची पहाट होती, पाच वाजले असतील. फिलाडेल्फियाच्या ईगल्सनी कॅन्सस सिटीच्या चीफ्सना 40-22 असं धुतलं. मध्यंतरालाच 24-0 होते. चीफ्स सलग तिसऱ्यांदा जिंकायला आले होते, आणि तसं आजवर कुणालाच जमलेलं नाही. आमच्या गल्लीत ईगल्सवाला औषधाला सापडायचा नाही, तरी प्रत्येक गुणाला अशी आरडाओरड की आपलीच टीम खेळतेय. कारण दोनच आठवड्यांपूर्वी, 26 जानेवारीला, याच चीफ्सनी आमच्या बफेलोच्या बिल्सना उपांत्य सामन्यात 32-29 असं घरी पाठवलं होतं. 2021, 2022, 2024 आणि आता 2025, चार वेळा त्यांनीच आमची वाट अडवली. 2022 ला तर तेरा सेकंद उरले असताना आम्ही तीन गुणांनी पुढं होतो. तेवढ्यात त्यांनी बरोबरी केली आणि जादा वेळेत मॅच जिंकली. इथं 'तेरा सेकंद' एवढं म्हटलं तरी माणूस चहाचा कप खाली ठेवतो.

खेळ तुला थोडक्यात सांगतो. नाव फुटबॉल, पण पायाचं काम नावाला. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं, जमलं की पुन्हा चार प्रयत्न. रेटारेटी बघून तुला कबड्डीच आठवेल. पायाचं खरं काम एकट्याचं, किकरचं. तो जवळजवळ अख्खी मॅच कडेला उभा असतो. बाकीचे चिखलात लोळतात, हाडं मोडून घेतात, आणि मग शेवटी काहीच उरलं नाही की याला बोलावतात: दोन खांबांच्या मधून बॉल मार, तीन गुण आण. मारला तर ते त्याचं कामच होतं. चुकला तर जन्माचा डाग.

आमच्या समोर एक म्हातारबुवा राहतात. लॅकावॅनाच्या पोलाद कारखान्यात होते. या शहराचं पोट त्या भट्ट्यांवर चालायचं, आणि 1983 ला तिथं पोलाद बनायचं थांबलं. मग या माणसांना आपलं म्हणायला उरलं काय, तर बर्फ आणि बिल्स. म्हातारबुवा दर मॅचला माझ्याकडं येतात, कारण मी चिकन विंग्जना आईनं पाठवलेली कांदा-लसूण चटणी चोळतो. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा डोळ्यांतून पाणी काढत म्हणाले, विंग्जचा जन्म बफेलोचा, तरी हे आम्हाला सुचलं नाही. बाकीची पब्लिक मॅचआधी पार्किंगमध्ये घडीच्या टेबलांवर उड्या मारून टेबलं मोडते. का मोडते ते विचारू नकोस. आपल्याकडं गुलाल का उधळतात ते आधी सांग.

तर या म्हातारबुवांनी मला 1991 ची गोष्ट सांगितली. 27 जानेवारी, टँपा, बिल्सची पहिलीवहिली सुपर बोल, समोर न्यूयॉर्क जायंट्स. 20-19 असे एका गुणानं मागं, आठ सेकंद उरलेली, आणि 47 यार्डांवरून किक मारायला आला स्कॉट नॉरवूड. घरच्या मैदानावर बिल्स कृत्रिम हिरवळीवर खेळायचे, इथं खरं गवत. बॉल लांब गेला, उंच गेला, आणि उजव्या खांबाच्या बाहेरून गेला. वाइड राइट. आज चौतीस वर्षांनीही इथं हे दोन शब्द कुणी सहज उच्चारत नाही.

त्यानंतरच्या तीन वर्षांतही बिल्स फायनलला गेले आणि तिन्ही हरले. सलग चार वेळा फायनल गाठणारी दुसरी टीम नाही. पण जिंकण्याच्या खात्यात भोपळा, तो आजतागायत. 1993 ला डॅलसनी 52 मारले, आमचे 17. त्या मॅचला शेवटी डॅलसचा लिऑन लेट बॉल घेऊन आरामात निघाला होता, शेवटच्या रेषेला पोचायच्या आधीच हात पसरून मिरवत. आमचा डॉन बीबी लांबून जिवाच्या आकांतानं पळत आला आणि रेषेच्या अलीकडं त्याच्या हातातला बॉल उडवला. निकालात तसूभर फरक पडणार नव्हता. म्हातारबुवांना बाकीचे 52 नीट आठवत नाहीत, ही धाव मात्र ते खुर्चीतून उठून करून दाखवतात.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. नॉरवूडची किक चुकली त्याच्या दुसऱ्या दिवशी टीम परत आली आणि नायगारा स्क्वेअरमध्ये लोक जमले. जानेवारीची थंडी, हरलेली टीम, तरी हजारो माणसं. मला वाटलं, आता म्हातारबुवा शिव्यांचं सांगणार. तर म्हणाले, आम्ही ओरडायला लागलो, आम्हाला स्कॉट पाहिजे, स्कॉटला पुढं आणा. तो मागं लपून उभा होता. शेवटी माइकजवळ आला, त्याचा गळा दाटला, आणि आजच्याइतकं प्रेम मला कधीच मिळालं नाही, अशा अर्थाचं काहीतरी बोलला.

ही जुनी गोष्ट, म्हातारे वाढवून सांगतात, असं मी धरून चाललो होतो. मग 2024 चा जानेवारी आला. इतका बर्फ पडला होता की मॅच एक दिवस पुढं ढकलली, आणि स्टेडियम साफ करायला क्लबनं लोकांना ताशी 20 डॉलरवर बोलावलं. मीही गेलो फावडं घेऊन. आपल्या खर्चानं तिकीट काढायचं आणि वर आपणच खुर्च्या उकरायच्या! ती मॅच जिंकलो. पुढच्या मॅचला पुन्हा चीफ्स, 27-24 असे मागं, शेवटची दोनेक मिनिटं. टायलर बासची 44 यार्डांची किक. उजवीकडून बाहेर. तीही उजवीकडूनच, दिग्या.

माझ्या घरात कुणी बोललं नाही. सोशल मीडियावर मात्र बासला घाणेरड्या शिव्या पडायला लागल्या, इतक्या की त्यानं आपली खातीच बंद केली. खोटं कशाला सांगू, इथंही सगळेच देवमाणसं नाहीत. पण नंतर लोकांनी शोधून काढलं की तो मांजरं वाचवणाऱ्या एका संस्थेला मदत करतो. त्याच्या जर्सीवर 2 हा नंबर, म्हणून लोकांनी तिथं बावीस बावीस डॉलर पाठवायला सुरुवात केली. 3 लाख डॉलरच्या वर रक्कम जमली. हरलेल्या मॅचवर! मीही 22 डॉलर पाठवले, आणि बटण दाबताना मला आपल्या तालमीच्या फुटबॉल टीमचा दहा नंबर आठवला.

तुलाही आठवला असेल. फायनल, पेनल्टी, बॉल दांडीला लागून बाहेर. आपण दोघं अकरावीत होतो. त्याच संध्याकाळी त्याचं नाव 'दांडी' पडलं. त्याच्या आईच्या दुकानासमोरून जाताना 'दांडीऽऽ' म्हणून ओरडायला सुरुवात तू केलीस की मी, हे आता मला सांगता येत नाही. मीच असेन. तो रंकाळ्याकडून लांबचा वळसा घालून घरी जायचा, आणि आपल्याला त्याचीही मजा वाटायची. पुढच्या सीझनला तो खेळला नाही. तालमीत कुणी त्याला बोलवायलाही गेलं नाही. ज्या पोरानं उपांत्य सामन्यात दोन गोल मारून आपल्याला तिथवर नेलं होतं, त्याला.

रविवारी चीफ्स हरले तेव्हा म्हातारबुवा खूश होऊन विंग्जची ताटली घेऊन बसले होते. पण तेवढ्यात त्यांचं कॅन्सस सिटीच्या किकरकडं लक्ष गेलं. कडेला एकटाच उभा होता, हातात हेल्मेट. म्हातारबुवा म्हणाले, बिचाऱ्याला आज कामच आलं नाही.

मागं तू म्हणालास की आपल्या दहा नंबरनं गॅरेज टाकलंय. तुझी बुलेट सर्व्हिसिंगला आलीच असेल. त्याच्याकडं टाक. मी फोन केला तर तो उचलेल का माहीत नाही, म्हणून आधी तू जा, चहा घे, आणि मग तिथूनच मला लाव. आणि त्याला नावानं हाक मार.

आईला सांग, चटणी संपत आलीय. सप्टेंबरला सीझन सुरू होतो, त्याआधी पोचली पाहिजे.

तुझाच,
बंड्या