मागे राहणाऱ्यांसाठी काही ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या अंत्यविधीची इच्छा आधीच लिहून ठेवावी, या मताची माणसं आता वाढू लागली आहेत. याचा मला मनापासून आनंद आहे. पण अशा इच्छांमध्ये एक सूचना हमखास असते: ‘माझ्यामागे काहीही करू नका, कुणालाही बोलावू नका, देह देऊन मोकळे व्हा.’ देहदानाचा अर्ज मीही भरलेला आहे, तेव्हा देह देण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. हरकत आहे ती ‘काहीही करू नका’ या आज्ञेला.

माझी सगळी नोकरी परिचारिका म्हणून वॉर्डात गेली. माणूस गेल्यानंतरचे पहिले काही तास घरच्यांवर कसे येतात, हे मी फार जवळून पाहिलं आहे. नेत्रदानाला साधारण सहा तासांची मुदत असते. चष्मा असला, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असली, मधुमेह असला तरी नेत्रदान करता येतं. घरच्यांनी करायचं ते थोडंच: पापण्या मिटवून त्यावर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची, पंखा बंद करायचा आणि नेत्रपेढीला फोन लावायचा. पथक आलं की पंधरा-वीस मिनिटांत काम होतं, चेहरा विद्रूप होत नाही. तरीही कितीतरी जणांची इच्छा वाया जाते. जिला सांगून ठेवलेलं असतं ती मुलगी परगावी असते, आणि जे खाटेजवळ असतात त्यांना काहीच ठाऊक नसतं. काहींनी तर सगळं मृत्युपत्रात नीट लिहिलेलं असतं. पण मृत्युपत्र कपाटातून निघतं कधी? सगळं उरकल्यावर, पैशाअडक्याचा विषय निघतो तेव्हा. म्हणून मालमत्तेचं मृत्युपत्रात लिहा आणि देहाचं वेगळ्या कागदावर. तो कागद औषधांच्या फायलीत ठेवा. आजारपणात घरातली तीच एक वस्तू सतत कुणाच्या ना कुणाच्या हातात असते.

देहदानाचा अर्ज भरला म्हणजे प्रश्न सुटला, असं बरेच जण धरून चालतात. तसं नसतं. शवविच्छेदन झालेलं असेल, एचआयव्ही किंवा हिपॅटायटिससारखा संसर्ग असेल, प्रत्यारोपणासाठी अवयव काढून घेतलेले असतील, तर वैद्यकीय महाविद्यालय सहसा देह स्वीकारत नाही. (नुसते डोळे दिले असतील तर बहुतेक ठिकाणी अडत नाही.) नकार येतो तो नेमका घरचे सैरभैर झालेले असताना, आणि कागदावर दुसरा पर्याय नसतो. तो लिहाच. छातीत पेसमेकर बसवलेला असेल तर तेही ठळक अक्षरांत लिहा. दहनाच्या उष्णतेत त्याची बॅटरी फुटते, त्यामुळे तो आधी काढावा लागतो. शोकात असलेल्या मुलाला हे आठवणार नाही.

पर्याय आता पूर्वीपेक्षा बरेच आहेत. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू डिसेंबर 2021 मध्ये गेले. त्यांनी सांगून ठेवलं होतं की शवपेटी स्वस्तात स्वस्त हवी, बडेजाव नको, आणि देह जाळण्याऐवजी पाण्याने विरघळवावा. या पद्धतीत पाणी आणि अल्कली यांच्या उष्ण द्रावणात काही तासांत देह विरघळतो, हाडं उरतात, ती वाळवून त्यांची पूड घरच्यांना देतात. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने 2019 मध्ये देहाची माती करायला कायद्याने परवानगी दिली. लाकडाच्या चिपाट्या आणि पेंढा यांत देह ठेवतात, सूक्ष्मजीव आपलं काम करतात आणि काही आठवड्यांनी ती माती झाडांना घालता येते. मला स्वतःला ही कल्पना अतिशय आवडते. पण मी ती माझ्या कागदावर लिहिलेली नाही. जी सोय मुलांच्या आवाक्यात नाही ती मागून ठेवली, तर त्यांच्या वाट्याला फक्त अपराधीपणा येतो.

इंग्लंडमधला एक जुना खटला या बाबतीत बोलका आहे. हेन्री क्रूकेंडन नावाच्या गृहस्थांनी आपलं दहन व्हावं असं लिहून ठेवलं आणि ते काम एलायझा विल्यम्स या मैत्रिणीवर सोपवलं. 1875 मध्ये ते गेले, आणि घरच्यांनी त्यांना पुरलं. या बाईंनी देह दुसरीकडे पुरायचा म्हणून सरकारी परवाना मिळवला, देह उकरून थेट इटलीत मिलानला नेला आणि तिथे दहन केलं. पुढे त्यांनी खर्चाची भरपाई मागितली. 1882 मध्ये न्यायालयाने ती नाकारली: मृतदेह कुणाची मालमत्ता नसतो, त्यामुळे त्याबद्दलची अशी आज्ञा कायद्याने बंधनकारक नाही. मैत्रिणीच्या निष्ठेपुढे मी हात जोडते. पण घरच्यांशी आधी बोलणं झालं असतं तर तिला असं खोटं सांगून देह न्यावा लागला नसता, असं वाटल्याशिवाय राहत नाही.

आता मूळ मुद्दा. माझ्या थोरल्या बहिणीने देहदान केलं आणि लिहून ठेवलं होतं की शोकसभा नको, कुणी जमू नये, कुणाला कळवण्याचीही घाई नको. तिचा हेतू चांगलाच होता, लेकीला त्रास होऊ नये. भाचीने सगळं शब्दशः पाळलं. मग काय झालं? लोक एकेकटे येत राहिले, कित्येक महिने. कुणाला उशिरा कळलं, कुणाला कळवलं नाही म्हणून वाईट वाटलेलं. प्रत्येकाला तिने पहिल्यापासून सांगायचं: कधी आजारी पडली, शेवटी काय बोलली, त्रास झाला का. सगळे एकदा एकत्र बसले असते तर हे सांगणंही एकदाच झालं असतं, आणि सांगणारी ती एकटी नसती. बाकीच्यांनीही तिच्या आईच्या गोष्टी तिला सांगितल्या असत्या. देह दिलेला, त्यामुळे जाऊन बसायला एखादी जागाही नाही. ‘मावशी, मला काहीच करायला मिळालं नाही,’ असं ती म्हणाली, तेव्हा मी माझा कागद बाहेर काढून पुन्हा लिहिला.

त्यात आता आहे ते असं. डोळे द्यावेत. देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. त्यांनी नाकारला तर जवळ जी साधी सोय असेल तिथे दहन करावं, त्यावर वाद नको. महागडी फुलं नकोत. इथवर माझी इच्छा. यापुढचं तुमच्या मनावर: सवडीने एक दिवस सगळ्यांना बोलवा, ज्याला बोलायचं आहे त्याला बोलू द्या, माझ्याबद्दलची तक्रारही चालेल. माझा मुलगा श्रद्धाळू आहे, मी नाही. प्रार्थना केल्याशिवाय मला राहवणार नाही, असं तो म्हणाला. मी लिहिलं की अवश्य कर. मी नसेन, तो असेल. त्याने दुःख कसं करायचं हे मी ठरवणं मला योग्य वाटत नाही. हा कागद मी मुलगा आणि मुलगी, दोघांनाही मोठ्याने वाचून दाखवला. मुलगी मध्येच उठून गेली, दुसऱ्या दिवशी येऊन उरलेला ऐकला.

देहदान केलेल्यांच्या घरच्यांसाठी महाविद्यालयांनाही बरंच करता येईल. तैवानच्या त्झू ची विद्यापीठात देह देणाऱ्याला ‘मूक गुरू’ म्हणतात. विद्यार्थी आधी त्याच्या कुटुंबाला भेटतात, तो माणूस कसा होता हे समजून घेतात, शिक्षण संपल्यावर देह स्वतःच्या हातांनी शिवतात आणि कुटुंबाबरोबर निरोपाला उभे राहतात. इतकं प्रत्येक ठिकाणी जमेल असं नाही. पण वर्षातून एकदा दात्यांच्या घरच्यांना बोलावून त्यांच्या माणसाचं नाव घेणं कुठल्याही महाविद्यालयाला अवघड जाऊ नये. माझ्या भाचीला तेवढ्यानेही फार आधार वाटला असता.

रुग्णालयांनाही माझी एक विनंती आहे. दाखल करताना रुग्णाच्या कागदावर आम्ही ॲलर्जी लिहायचो, रक्तगट लिहायचो, जवळच्या नातेवाइकाचा फोन लिहायचो. त्याच पानावर एक ओळ वाढवावी: नेत्रदान, देहदान किंवा अंत्यविधीबद्दल काही लिहून ठेवलं आहे का, आणि ते कुणाकडे आहे. प्रश्न दाखल होताना विचारावा, रुग्ण शुद्धीत असताना, त्याला स्वतःला.

आपली,
एक निवृत्त परिचारिका