तिकीट ब्लॅकचं, भाचा गेटाबाहेर

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

शो लाइव्ह बघण्यात एवढं काय असतंय, मोबाइलवर फुकट दिसायलंय की, असं मीच भाच्याला म्हणायचो, ते आधी कबूल करतो. २२ सप्टेंबर २०२४ ला कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या गाण्यांच्या शोची तिकिटं निघाली तेव्हा हा पोरगा बारा वाजायच्या आधीच दोन मोबाइल आन माझा लॅपटॉप घेऊन बसलेला, आन लायनीत नंबर लागला तो लाखांत. अडीच हजारापासून ३५ हजारापर्यंतची तिकिटं, बघता बघता संपली आन लगेच दुसऱ्या साइटींवर लाखांच्या भावात दिसायला लागली. आमच्या वेळी टॉकीजबाहेर ब्लॅकवाला असायचा, पण निदान तो समोर दिसायचा, घासाघीस व्हायची, पिक्चर सुरू झाला की भाव आपोआप उतरायचा.

पुढं यानं नवी मुंबईतल्या दुसऱ्याच एका शोचं तिकीट कुठल्याशा ग्रुपवरून घेतलं, दोन हजाराचं सात हजाराला, मला न विचारता. परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसनं रात्रभर गेला. संध्याकाळी गेटवर कोड स्कॅन केला तर मशीन लाल, 'ये तो अंदर जा चुका है'. विकणाऱ्यानं एकच कोड किती जणांच्या गळ्यात मारला देव जाणे, फोन तर बंदच. पोरगा बाहेर वडापावच्या गाडीपाशी तीन तास उभा राहिला. मी म्हणलं कामून थांबलास रे, लॉजवर जाऊन झोपायचं ना? तर म्हणे, मामा, ड्रम सुरू झाला की गाडीवरचा चटणीचा डबा थरथरत होता.

तेव्हा कळलं. माळेगावच्या जत्रेत तमाशाच्या तंबूत मीपण ढोलकी छातीत वाजलेली ऐकलीय, ती टीव्हीत कधी आली नाही. म्हणजे लाइव्हला पैसे घालणं वेडेपणा नाही, दोन हजार ठीकच होते. पण वरचे पाच हजार ना गायकाला गेले ना ढोल वाजवणाऱ्याला, मग ते कशाचे?

आता बघा, ज्या गाडीनं तो गेला तिचं तिकीट नावावर होतं, टीसीनं आधार बघितलं. जाणं रद्द झालं तर तिकीट रद्द करायचं, ती सीट वेटिंगवाल्याला मिळते. परवानगी नसताना तिकिटांचा धंदा केला तर रेल्वे कायद्यात कलम १४३ आहे, तुरुंगवारीसकट. तत्काळमध्ये काय चालतं ते मला माहितीय, हसू नका, पण पकडल्यावर लावायला कलम तरी आहे. शोच्या तिकिटावर नाव टाकायला, गेटवर ओळखपत्र बघायला आन नको असलेलं तिकीट त्याच भावात परत घेऊन पुढच्याला द्यायला काय अडचण आहे? सरकारनं हे सक्तीचं करावं, एवढंच मागणं. मुंबईकराचं तिकीट खोटं निघालं तर तो लोकलनं घरी जातो, आमचं पोरगं दोन दिवसाची रजा, गाडीभाडं आन लॉजचं बिल घेऊन येतं.

आपला,
एक वाचक, परभणी

ता. क. – तो तिकीटवाला ग्रुपवर अजून आहे. डीपी बदललाय फक्त.