लिओनोरचे म्हणणेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला मध्ययुगीन कास्तिलच्या (आजच्या स्पेनमधल्या एका राज्याच्या) दरबारावरचा लेख वाचला. लिओनोर लोपेस दे कोर्दोबाच्या वाट्याला त्यात एकच ओळ आली आहे: राणी कातालिनाच्या मर्जीतली, कारभारात लुडबुड करणारी बाई. तिच्या काळातल्या एका सरदार-इतिहासकारानेही तिला असेच हिणवले होते. या बाईने स्वतःची हकिकत नोटरीकडून लिहवून घेतली आहे, कास्तिलियन भाषेतल्या सर्वांत जुन्या आत्मकथनांत ती गणली जाते. तरी आपण विरोधकाचेच म्हणणे छापावे, याचे वाईट वाटले.

लिओनोरची आई कास्तिलचा राजा ११वा अल्फोन्सो याची भाची. वडील अल्फोन्सोचा मुलगा राजा पेद्रो याच्या बाजूचे. १३६९ मध्ये पेद्रोला त्याचा सावत्र भाऊ एन्रिके याने ठार केले आणि तो राजा झाला, तरी लिओनोरच्या वडिलांनी सेव्हियाजवळचे कार्मोनाचे ठाणे सोडले नाही. १३७१ मध्ये अभयाच्या वचनावर ते शरण आले. एन्रिकेने वचन मोडले आणि सेव्हिया शहरात त्यांचा शिरच्छेद केला. सगळे कुटुंब तिथल्या गोदीच्या तुरुंगात गेले. लिओनोर तेव्हा जेमतेम ८-९ वर्षांची, पण लग्न झालेली. नवऱ्याच्या पायांत ६० पौंडांचे लोखंड होते, असे ती सांगते. प्लेगने एकेक माणूस नेले. तिच्या भावाच्या बेड्या तो मेल्यावरच निघाल्या. १३७९ मध्ये एन्रिके वारला, तेव्हा ती आणि तिचा नवरा सुटले.

राणी कातालिना ही त्याच पेद्रोच्या मुलीची मुलगी. ज्या घराण्यासाठी लिओनोरच्या बापाने शिर दिले, त्याच घराण्याची ही राणी. लेखकाने हा धागा सोडला, आणि मग उरली ती नुसती ‘मर्जी’.

पण मला सर्वांत हलवून गेला तो तिच्या मुलाचा प्रसंग. १३९१ मध्ये कोर्दोबाची ज्यू वस्ती लुटली गेली, तेव्हा तिने एक अनाथ मुलगा घरी आणला, ख्रिस्ती म्हणून वाढवला. पुढे त्याला प्लेग झाला. रात्री त्याच्या उशाशी बसलेली माणसे एकामागून एक दगावली. अखेर तिने पोटच्या मुलाला, १२ वर्षांच्या हुआनला, बसायला सांगितले. इतके मेले, आता मीही मरू का, असे त्याने विचारले. तरी आईचा शब्द मोडला नाही, आणि तोही दगावला. आजारी मुलगा मात्र वाचला. नातलगांनी तिला घराबाहेर काढले. हे सारे तिने स्वतः सांगितले आहे. आपण मुलाला पाठवले, हे तिने झाकले नाही.

राणीने पुढे १४१२ मध्ये तिला दूर केले, परत आलीस तर जाळीन अशी धमकीही दिली. आत्मकथनात दरबाराच्या दिवसांचा उल्लेखच नाही, ते त्याआधीच थांबते. मजकूर मोजक्याच पानांचा आहे. कोणा जाणकाराकडून मूळ स्पॅनिशवरून तो मराठीत आणवून घ्यावा आणि याच पुरवणीत छापावा, ही कळकळीची विनंती.

आपली नियमित वाचक,
सातारा