नुसता कागद

प्रिय आई-बाबा,
सप्रेम जय ख्रिस्त.

मुलाकडच्यांनी पुढे ठेवलेल्या, ख्रिस्ती विश्वास नाकारणाऱ्या कागदावर मी सही केली नाही आणि ठरलेलं लग्न मोडलं, त्याला आज महिना झाला. आई रोज फोन करते, जेवलीस का विचारते आणि मग गप्प होते. बाबा, तुम्ही तर फोनवर येतच नाही. तुमचं शेवटचं वाक्य अजून कानात आहे: "नुसता कागद आहे गं. सही कर, मनातला विश्वास कोण काढून नेणार आहे?"

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आता लिहिते.

इ.स. 250 मध्ये रोमन सम्राट डेशियसनेही कागदच मागितला होता. देवतांना अर्पण करा, त्यातलं चाखा आणि अधिकाऱ्याकडून तसा दाखला घ्या. इजिप्तमध्ये असे चाळीसहून अधिक दाखले पपायरसवर सापडले आहेत. मजकूर जवळजवळ एकच: मी देवतांना नेहमीच अर्पण करत आलो आहे, आत्ता तुमच्यासमोरही केलं, तशी सही द्यावी. काही ख्रिस्ती लोकांनी तर अर्पण न करताच, पैसे देऊन दाखला मिळवला. मनातला विश्वास मनातच आहे, असंच त्यांना वाटलं असेल. पुढे पश्चात्ताप केल्यावर ख्रिस्ती मंडळीने (चर्चने) त्यांना परत घेतलं आणि ते योग्यच झालं. घाबरलेल्या माणसाला मी नावं ठेवणार नाही.

पण त्यातला 'नेहमीच' हा शब्द पाहा, बाबा. माझ्यापुढे ठेवलेल्या कागदातही तसंच होतं: माझा ख्रिस्ती विश्वासाशी संबंध नाही आणि नव्हता. 'नव्हता' वाचलं आणि हात थांबला. दिवा मालवल्यावर माझे हात जोडून तुम्ही मला पहिली प्रार्थना शिकवलीत, ती कुठे जाणार होती?

इ.स. 203 मध्ये कार्थेजच्या तुरुंगात ख्रिस्ती म्हणून पकडलेली पर्पेतुआ होती. वय सुमारे 22, अंगावर पिणारं बाळ. तिने स्वतः लिहून ठेवलेलं आजही वाचायला मिळतं. ती वडिलांना विचारते, ही घागर घागरीखेरीज दुसऱ्या नावाने ओळखता येईल का? तशीच मी ख्रिस्ती आहे. दुसरं काही म्हणवून घेऊ शकत नाही. वडील म्हातारे होते, ख्रिस्ती नव्हते. आपल्या पिकल्या केसांची दया कर म्हणाले, तिचे हात चुंबले, पायांवर पडले. सुनावणीच्या वेळी अधिकाऱ्याने त्यांना छडीने मारायला लावलं, तेव्हा ती लिहिते की तो मार जणू मलाच बसला. त्या ओळीपाशी मी फार वेळ थांबले. तिला रानटी जनावरांपुढे सोडलं जाणार होतं, आणि तिला लागला तो वडिलांना बसलेला मार. माझं दुःख त्याच्यापुढे किती लहान! तरी तुमच्या डोळ्यांतलं पाणी मलाही तसंच लागतं, हे तुम्हाला कळावं.

आई, तू म्हणालीस, "मुद्दाम दुःख का ओढवून घेतेस?" नाही गं. स्मुर्णा शहरातल्या मंडळीचे अध्यक्ष (बिशप) पॉलिकार्प 86 वर्षं ख्रिस्ताची सेवा करून झालेले, पण पकडायला येणार म्हटल्यावर मित्रांच्या सांगण्यावरून आधी शेतघरात जाऊन राहिले. शिपाई आले तेव्हा मात्र पळाले नाहीत. त्यांना जेवूखाऊ घाला म्हणाले आणि प्रार्थनेसाठी तासभर मागितला. त्याच वेळी क्विंटस नावाचा एक जण आपणहून पुढे गेला होता. जनावरं पाहून तो खचला आणि त्याने विश्वास नाकारला. मंडळीने स्पष्ट लिहिलं की असं आपणहून पुढे जाणं आम्ही वाखाणत नाही. प्रभूनेही गेथशेमाने बागेत दुःखाचा हा प्याला टळो म्हणूनच प्रार्थना केली ना?

एक कबूलही करते. प्रेषित पेत्र आपल्या पत्रात म्हणतो, चोर किंवा लुडबुड्या म्हणून दुःख सोसू नका. ख्रिस्ती म्हणून सोसावं लागलं तर लाजू नका. लग्न मोडलं त्या दिवशी मी मुलाच्या आईला फार तोडून बोलले. त्या बोलण्याचं जे दुःख आहे ते विश्वासासाठीचं नाही, माझ्या जिभेचं आहे. त्यांना माफीचं पत्र पाठवलं आहे. ती माणसं वाईट नाहीत, आणि तो तर नाहीच. रोज त्याच्यासाठी प्रार्थना करते आणि प्रत्येक वेळी रडू येतं.

रविवारी उपासनेनंतर फोन करीन. बाबा, यावेळी तो आईच्या हातात देऊ नका. काही बोलला नाहीत तरी चालेल, नुसता कानाशी धरा.

तुमची लाडकी लेक