दिग्या, फोन उचलला नाही त्याबद्दल

कोल्हापूर,
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय दिग्या,

दिवाळीपासून तुझा एकही फोन उचलला नाही. कामात होतो वगैरे आता लिहवत नाही. बोलायला गेलो तर आवाज फुटेल, म्हणून कागद घेतलाय. तब्येत बरी आहे. लिव्हरचे रिपोर्ट सुधारतायत.

आज ४१ दिवस झाले, दारूच्या थेंबाला शिवलेलो नाही.

आधी मी एका रात्रीत सोडून दाखवणार होतो, माझा हट्ट तुला ठाऊक आहे. तिसऱ्या दिवशी हात असा थरथरायला लागला की शर्टाचं बटण लागेना. भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसायला लागल्या, त्या वनिताला दिसत नव्हत्या. रोज पिणाऱ्यानं अशी एकदम तोडली तर फिट येऊ शकते, जिवावरही बेतू शकतं, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं. सहा दिवस सलाइन, व्हिटॅमिन बी-१ची इंजेक्शनं, गोळ्या. घरी येताना रिक्षा आमच्या नेहमीच्या परमिट रूमवरनं गेली आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. वनिता माझ्याकडंच बघत होती.

सिस्टरनी दारू सोडणाऱ्यांच्या ग्रुपचा, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा, नंबर लिहून दिला होता. लावला. पलीकडच्यानं नावसुद्धा विचारलं नाही. "आज घेतलीय?" म्हणाला. नाही म्हटलं. "मग आजचं झालं की! संध्याकाळी या."

शाळेची खोली. चौथीच्या बाकात गुडघे मावेनात, फळ्यावर तेराचा पाढा अर्धवट पुसलेला. एकेक जण उठून म्हणायचा, मी अमुक, मी मद्यपी आहे. बाकीचे सगळे, नमस्कार. एकानं सांगितलं, तो देव्हाऱ्यामागं क्वार्टर ठेवायचा. मी बंबाच्या सरपणात ठेवायचो, दिग्या! हे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. एकजण बोलताना दुसरा मध्ये तोंड घालत नाही, उपदेश करत नाही. शेवटी थैली फिरते, जमेल ते टाकायचं. बाहेरच्याची देणगी घेत नाहीत.

मग चहा घेऊन एक माणूस आला आणि मला बाकाखाली जावंसं वाटलं. आपण दोघं ओळखतो त्याला. लहानपणी तो दिसला की आपण गल्ली बदलायचो. कोण ते सांगणार नाही, तुलाही नाही. तिथं दिसलेला माणूस तिथंच ठेवायचा असतो, एवढं लिहिलं तेच जास्त झालं. माझा हात बघून त्यानं कप अर्धाच भरला. "अर्धा-अर्धा दोनदा घ्या," म्हणाला. त्या आवाजात, दिग्या! तो हात आपल्या दोघांच्याही गालाला ठाऊक आहे, म्हणून तुलाच लिहितोय.

तुला सनावळ्या लागतात, म्हणून या ग्रुपचीही घे. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावात न्यूयॉर्कचा एक शेअरवाला धंद्याला गेलेला. सौदा फिसकटला, हॉटेलात शेजारीच बार. पाच महिन्यांची सोडलेली. बारमध्ये जायच्या ऐवजी त्यानं फोन लावत बसून दुसरा पिणारा शोधला, कारण दुसऱ्याशी बोलताना आपली टळते, हे त्याला कळलेलं. तो दुसरा सर्जन होता. त्याचा शेवटचा घोट १० जून १९३५चा, तीच अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची सुरुवात धरतात. भारतात १९५७ला आलं. घरच्यांसाठी अल-ॲनॉन म्हणून वेगळा ग्रुप असतो. वनिता तिथं जाऊन आली आणि त्या रात्री पहिल्यांदा माझ्याआधी झोपली.

तुझ्या ताईच्या लग्नात तू मला हाताला धरून मंडपाबाहेर काढलंस आणि म्हणालास, "संभा, तू आजारी आहेस." मी दोन वर्षं बोललो नाही. शिवी दिली असतीस तर चाललं असतं, पण आजारी? तुझं बरोबर होतं. माफ कर. शाळेतल्या कुस्तीत मात्र तुझी पाठ टेकली होती, त्यावर अजून ठाम आहे.

आता खरी काळजी. गटारी आलीय. आपलं रस्सा मंडळ मळ्यावर जाणार, वीस वर्षांचा रिवाज. सुभ्याचा रोज फोन, "नुसता बस, घेऊ नको." जाऊ नको असं ग्रुपात कुणी म्हणत नाही. एवढंच म्हणतात की भूक, राग, एकटेपणा, थकवा, या चारांत माणूस घसरतो. पण न जाता घरी बसलो तर त्यातला एकटेपणा आलाच की! सुभ्यानं माझ्या वडलांना खांदा दिलाय. त्याला काय म्हणून टाळू? आणि गेलो, तर चुलीवर मसाला भाजल्याचा वास आला की पुढं काय येतं ते हाताला पाठ आहे. रात्री आठवत बसतो, ग्लास हातात नसताना या लोकांशी मी शेवटचं कधी बोललो? आठवत नाही रे. पोरगी विचारते, "पप्पा, शनिवारी घरी आहात ना?" मी "बघू" म्हणतो आणि तिचा चेहरा उतरतो. त्या चहावाल्याला विचारलं. तो म्हणाला, "अमावस्येचं अमावस्येला. आज जेवलात का?"

मावशींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याचं कळलं, चालतात ना आता? पोराच्या दहावीचे पेढे राहिलेत. नवीन घराचं काय झालं, ते सविस्तर कळव.

शनिवारी येशील? गंगावेशीत दूधकट्ट्यावर उभं राहून ताजं धारोष्ण दूध पिऊ, पूर्वीसारखं, मग घरी वनिताच्या हातचा पांढरा रस्सा. रजा नाही मिळाली तर आठच्या सुमारास फोन तरी कर. मंगळवार-शुक्रवार सात ते साडेआठ मिटिंग असते, तेवढं सोडून केव्हाही कर. उचलतो.

तुझा,
संभा